ठोशाच्या रेषेबाहेर: बॉक्सिंगमधील बचावाविषयी वाचकांचे प्रश्न

डोके आणि धड हलवून ठोसे चुकवण्याच्या कलेविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहेत.

प्रश्न: मी १९ वर्षांचा असून तीन वर्षांपासून बॉक्सिंग शिकतो. माझ्या वजनगटातील मुलांच्या मानाने माझी उंची कमी आहे. माईक टायसन आणि अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे यांच्या लढती पाहिल्यापासून हात खाली ठेवून केवळ डोके आणि कंबर हलवून बचाव करण्याची शैली आत्मसात करावी, असे मला वाटते. आमचे प्रशिक्षक मात्र ‘आधी गार्ड (मुठी चेहऱ्यापाशी धरून केलेला बचाव), मग बाकीचे’ एवढेच सांगतात. आजच्या बॉक्सिंगमध्ये ही शैली चालते का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर: डोक्याची हालचाल आजही चालते, आणि वरच्या पातळीवर तर तिच्याशिवाय निभाव लागत नाही. मात्र हात खाली सोडून केवळ त्या हालचालीवर उभा केलेला बचाव पूर्वीही फार थोड्यांना पेलला आणि आज त्याहून कमी जणांना पेलेल. डोके हलवण्याला पाय, अंतर आणि प्रतिहल्ला या तिघांचा आधार लागतो आणि तो आधार काढून घेतला की ती शैली उरतच नाही, असे माझे ठाम मत आहे. तुम्ही घेतलेली दोन नावेच त्याची साक्ष देतात.

टायसन हात खाली ठेवून लढत नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल या छोट्या गावात प्रशिक्षक कस डमाटो यांनी त्याला जी पद्धत शिकवली, तिच्यात दोन्ही मुठी गालांजवळ आणि कोपरे बरगड्यांलगत असत. याच पद्धतीवर त्यांनी आधी फ्लॉइड पॅटरसनला घडवले, जो १९५६ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला, आणि पुढे होसे टोरेसला, ज्याने १९६५ मध्ये लाइट हेवीवेटचे विजेतेपद मिळवले. टायसनची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच होती आणि हेवीवेट गटात समोरचा बॉक्सर बहुधा त्याच्याहून उंच, लांब हातांचा असे. त्या हातांच्या टप्प्यातून सुखरूप आत शिरायचे कसे, हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता. म्हणून समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खांद्यावरून जाऊ देताना तो एक पाऊल पुढे टाकत असे, आणि वजन ज्या पायावर आले असेल त्याच बाजूचा ठोसा लगेच सोडत असे. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगास येथे ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये हरवून तो २० वर्षांचा असतानाच हेवीवेट विजेता झाला, तेव्हाची त्याची हालचाल पाहिली तर चुकवणे आणि मारणे या दोन क्रिया तिच्यात वेगळ्या काढता येत नाहीत. डमाटो त्याआधी वर्षभर, म्हणजे नोव्हेंबर १९८५ मध्ये वारले होते, आणि त्यांची पद्धत पुढे चालवणारे प्रशिक्षक केव्हिन रूनी १९८८ च्या अखेरीस टायसनपासून दूर झाले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसविरुद्ध तोच टायसन बराच काळ डोके मधल्या रेषेवर ठेवून सरळ चालत येताना दिसतो. डग्लसचा जॅब त्याला पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि दहाव्या राउंडमध्ये तो बाद झाला. त्या पराभवाला इतरही कारणे होती, पण ज्या सवयीमुळे तो आत शिरू शकत होता ती सवय रोजच्या सरावाअभावी किती लवकर गळून पडते, हे त्या लढतीइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

लोचे याचे प्रकरण अगदी वेगळे आहे. मेंदोसा प्रांतातला हा बॉक्सर खरोखरच हात खाली ठेवून, कधी पाठीमागे बांधून उभा राहत असे, आणि ब्युनोस आयर्सच्या लुना पार्कमध्ये लोक त्याला पाहायला गर्दी करत. ‘ज्याला स्पर्श करता येत नाही असा’ या अर्थाचे टोपणनाव त्याला मिळाले होते. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत त्याने पॉल फुजीला इतके हताश केले की फुजी दहाव्या राउंडसाठी स्टुलावरून उठलाच नाही आणि लोचे ज्युनियर वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. मला ही लढत अतिशय प्रिय आहे, आणि प्रत्येक बॉक्सरने ती पाहावी असे मी म्हणेन. पण ती पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की लोचे मागे पळत नाही. तो समोरच्याच्या इतका जवळ उभा राहतो की पूर्ण ताकदीचा ठोसा मारायला समोरच्याला जागाच मिळत नाही, आणि आपल्या तळहातांनी तो त्याच्या दंडांना व ग्लोव्ह्जना सतत स्पर्श करून ठोसा निघण्याआधीच त्याचा अंदाज घेतो. म्हणजे खाली वाटणारे ते हात मोकळे नसतात. दुसरी गोष्ट ही की ११७ विजयांपैकी केवळ १४ विजय त्याने प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळवले. जो मारण्याची भीती घालत नाही, त्याच्यावर समोरचा निर्धास्तपणे हल्ले करत राहतो. ते सगळे हल्ले चुकवायला लोचे याची नजर लागते, आणि ती नजर शिकवून येत नाही.

यात आणखी एक फरक आहे. लोचे जगज्जेतेपदाच्या लढती १५ राउंडच्या लढत असे. ठोसे हवेत मारून मारून थकलेला प्रतिस्पर्धी दहाव्या राउंडला निरुपयोगी होईल, असा हिशेब त्याला परवडत होता. तुमच्या लढती तीन मिनिटांच्या तीन राउंडच्या असतात. समोरच्याला दमवून जिंकण्याइतका अवधी त्या नऊ मिनिटांत नसतो. पहिला राउंड केवळ चुकवण्यात गेला, तर तो बहुधा हातचा गेला असे समजावे.

आता डोके हलवण्याच्या क्रियेकडे वळतो. डोळ्याला काही दिसल्यापासून शरीराने हालचाल सुरू करेपर्यंत साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो, आणि टप्प्यात उभ्या असलेल्या चांगल्या बॉक्सरचा जॅब तेवढ्या वेळात, कित्येकदा त्याच्या आतच, चेहऱ्यावर येऊन पोहोचतो. याचा अर्थ असा की सुटलेला ठोसा पाहून तो कोणीच चुकवत नाही. चुकवणारा बॉक्सर ठोशाच्या आधीचे काही तरी वाचत असतो. समोरच्याचा पुढचा खांदा किंचित उचलला जातो, पुढच्या पायावर वजन येते, श्वास रोखला जातो, किंवा दोनदा जॅब मारला की तिसऱ्यांदा उजवा हात येतो, अशी त्याची लय पाठ झालेली असते. कित्येकदा तर बॉक्सर मुद्दाम डोके थोडे पुढे आणून तोच ठोसा मागवून घेतो, आणि मागवलेला ठोसा कधी येणार हे त्याला ठाऊक असते. हे वाचण्यासाठी अंतर नेमके हवे. समोरच्याला ठोसा मारण्याकरिता एक पाऊल पुढे टाकावेच लागेल इतक्या अंतरावर तुम्ही असाल, तर ते पाऊल हीच तुमच्यासाठी सूचना असते. त्याहून जवळ, हात खाली ठेवून उभे राहिलात तर तुम्हाला सूचनाच मिळत नाही. व्हिडिओच्या तुकड्यांत कमरेच्या वरचा भाग आणि चुकलेले ठोसे एवढेच दिसत असल्याने पायांचे हे काम तरुण मुलांच्या नजरेतून नेहमी निसटते.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्या दोन बॉक्सरांचे उदाहरण घ्या. समोरच्याचा जॅब तुमच्या उजव्या हाताच्या बाजूकडून येतो. डोके उजवीकडे, म्हणजे त्याच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला नेले, तर जॅब तुमच्या डाव्या खांद्यावरून निघून जातो, तुमचे वजन उजव्या पायावर येते, उजवा हात मारायला सज्ज होतो आणि त्याचा उजवा हात तुमच्यापासून दूर पडतो. डोके डावीकडे, म्हणजे आतल्या अंगाला नेले, तर तुमचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) तयार होतो, पण तुम्ही त्याच्या उजव्या हाताच्या वाटेवर येऊन उभे राहता. बाहेरची बाजूही पूर्ण निर्धोक नाही, कारण जॅबची नुसती हूल देऊन त्याच डाव्या हाताने हूक मारणारा बॉक्सर नेमका तिथेच तुमची वाट पाहत असतो. म्हणून चुकवताना डोके स्वतःच्या रुंदीहून फारसे अधिक न्यायचे नाही, कमरेतून मोडून वाकायचे नाही, गुडघ्यांतून बसायचे आणि धड वळवायचे, आणि नजर त्याच्या छातीवरून ढळू द्यायची नाही. ठोसा केसाच्या अंतराने गेला की परत मारण्यासाठी तुम्ही जागेवरच असता. हातभर अंतराने गेला की तुमचा तोल आणि संधी दोन्ही गेलेली असतात.

चुकवण्याच्या प्रत्येक पद्धतीला शह देणारा ठोसा बॉक्सिंगमध्ये आहे, आणि इतिहास अशा शहांनी भरलेला आहे. खाली वाकून, डोलत आत शिरणाऱ्याला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, लागतो. जो फ्रेझियरने ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाकत, झुलत, सतत पुढे येत मुहम्मद अलीला १५ राउंडमध्ये गुणांवर हरवले; त्याच फ्रेझियरला २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने दोन राउंडांत सहा वेळा खाली पाडले. फोरमन त्याचे खांदे हातांनी ढकलून त्याला हव्या त्या अंतरावर ठेवत होता आणि तो वाकला की खालून ठोसा आणत होता. मागे झुकून चुकवणाऱ्याला हूक गाठतो. अली तरुणपणी, कॅशियस क्ले या नावाने लढत असताना, १८ जून १९६३ रोजी वेम्ब्लीत हेन्री कूपरच्या डाव्या हूकने खाली गेला होता, आणि १९७१ मध्ये पंधराव्या राउंडला फ्रेझियरच्या डाव्या हूकनेच तो पुन्हा पडला. मागे झुकायला जागा लागते, आणि पाय थकले की ती जागा संपते. एकाच बाजूला वाकण्याची सवय असलेल्याचा तर आज अभ्यासच केला जातो. ८ मे २०२१ रोजी टेक्सासमध्ये कनेलो अल्वारेझने बिली जो सॉन्डर्सचे वाकणे हेरून आठव्या राउंडमध्ये उजवा अपरकट असा आणला की सॉन्डर्सच्या डोळ्याजवळचे हाड मोडले आणि त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. सॉन्डर्स उत्तम चुकवणारा होता आणि त्याआधी कोणाकडून हरला नव्हता, हे इथे आवर्जून सांगतो. तुम्ही त्याच लयीत आणि त्याच बाजूला हलत राहिलात, तर एक राउंड पुरेल. दुसऱ्यात समोरचा तुम्ही जिथे जाणार तिथे मारेल.

त्यामुळे आजचे श्रेष्ठ बॉक्सर डोक्याची हालचाल वापरतात, पण ती इतर गोष्टींत मिसळून. ओलेक्सांद्र उसिक याला पाहा. त्याचे डोके क्षणभरही स्थिर नसते, पण ती हालचाल लहान असते, मुठी वर असतात, आणि पुढच्या पायाची व पुढच्या हाताची हूल तिच्या सोबतीला असते. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये आपल्याहून कितीतरी उंच असलेल्या टायसन फ्युरीला त्याने याच मिश्रणाने हरवले. फ्युरी स्वतः सुमारे २०६ सेंटीमीटर उंच असूनही कमरेतून असा हलतो की २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे व्लादिमिर क्लिच्कोला बारा राउंड धड मारायला काही सापडलेच नाही. दुसऱ्या टोकाला दिमित्री बिवोल आहे. मे २०२२ मध्ये त्याने कनेलोला हरवले ते प्रामुख्याने उंच गार्ड आणि पाय यांच्या बळावर. डोके त्याने गरजेपुरतेच हलवले. मला विचाराल तर कमी उंचीच्या तरुण बॉक्सरने उसिकचा अभ्यास अधिक करावा आणि लोचे याचा आनंद घ्यावा.

तुमच्या प्रशिक्षकांचा क्रम बरोबर आहे. गार्ड असलेल्या बॉक्सरचा अंदाज चुकला तर ठोसा ग्लोव्हवर बसतो; गार्ड नसलेल्याचा अंदाज चुकला तर तो हनुवटीवर बसतो. आधी उभे राहणे आणि पाय, मग गार्ड, मग उजव्या तळव्याने जॅब अडवणे, आणि हे सारे विचार न करता होऊ लागले की डोके. कमी उंचीमुळे तुम्हाला ही कला इतरांपेक्षा अधिक लागणार आहे, हे तुम्ही अचूक ओळखले आहे. तेव्हा प्रशिक्षकांना ‘हात खाली ठेवू का’ असे विचारण्याऐवजी ‘जॅबच्या बाहेरून आत कसा शिरू’ असे विचारा. कोणताही जाणता प्रशिक्षक या प्रश्नाने आनंदित होईल.

प्रश्न: मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा एक विद्यार्थी ठोसे फार सुंदर चुकवतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, परंतु स्पर्धेत तो गुणांवर हरला. चुकवण्याला गुण मिळत नाहीत का? तसेच फार खाली वाकणे नियमाविरुद्ध आहे, असे पंचांनी त्याला बजावले. ते योग्य आहे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: हौशी बॉक्सिंगमध्ये नुसत्या चुकवण्याला स्वतंत्र गुण नाहीत. १९९२ ते २०१२ या काळात ऑलिम्पिकमध्ये यंत्राचे बटण दाबून लागलेले ठोसे मोजले जात, तेव्हा न लागलेल्या ठोशाची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. २०१३ पासून प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत आली, आणि तिच्यात लक्ष्यावर बसलेले दर्जेदार ठोसे, तांत्रिक व डावपेचांतील वर्चस्व आणि लढण्याची जिद्द यांचा विचार होतो. चुकवण्याची कला दुसऱ्या निकषात येऊ शकते, पण केव्हा, तर तिच्यामुळे लढतीचा ताबा तुमच्या विद्यार्थ्याकडे आहे असे पंचांना दिसेल तेव्हा. पाच ठोसे चुकवून तो मागे सरकला, तर पाच ठोसे मारणारा समोरचाच पुढाकार घेताना दिसतो. दोन चुकवून एक स्वच्छ मारला, तर तोच राउंड वेगळा वाचला जातो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बचाव हा निकषांमध्ये घोषितपणे धरलेला आहे, तरीही तिथेही चुकवणाऱ्यांवर अन्याय झाल्याची उदाहरणे आहेत. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये पर्नेल व्हिटेकर आणि तोपर्यंत अपराजित असलेला हुलिओ सेसार चावेझ यांची लढत झाली. व्हिटेकर हा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक विजेता, साउथपॉ (उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून लढणारा), आणि माझ्या मते गेल्या अर्धशतकातला सर्वांत परिपूर्ण बचावपटू. त्या रात्री चावेझला तो सापडत नव्हता, आणि शिवाय तो त्याला जॅबने व शरीरावरील ठोशांनी मारतही होता. तीनपैकी दोन पंचांनी ती लढत बरोबरीत दिली. त्या निकालाने आजही अनेकांना वाईट वाटते, मलाही वाटते. परंतु तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पंचांवर चिडण्याआधी त्याची लढत पुन्हा पाहा आणि प्रत्येक चुकवलेल्या ठोशानंतरच्या पुढच्या क्षणात त्याचे हात काय करत आहेत, तेवढेच तपासा. हात काहीच करत नसतील तर दोष तिथे आहे, आणि तो सरावाने दूर होण्यासारखा आहे.

वाकण्याबाबत पंचांचे म्हणणे योग्य आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कमरपट्ट्याच्या खाली डोके नेणे हे हौशी नियमांत फाउल मानले जाते. वाकलेले डोके एकदम वर आले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदळते, आणि एक बॉक्सर साउथपॉ असेल तर दोघांचे पुढचे पाय एकमेकांजवळ येत असल्याने डोक्यांची टक्कर अधिकच संभवते. जो गुडघ्यांतून बसतो आणि छाती ताठ ठेवतो तो इतका खाली जातच नाही. कमरेतून मोडणारा मात्र जातो, आणि त्याची नजर जमिनीकडे लागते, जी फाउलहून अधिक धोक्याची गोष्ट आहे.

प्रश्न: माझी पंधरा वर्षांची मुलगी बॉक्सिंग शिकते. मेंदूला होणाऱ्या इजेची मला काळजी वाटते. चुकवण्याची कला चांगली आली आणि हेडगार्ड घातले तर धोका उरत नाही, असे तिला सांगण्यात आले आहे. हे खरे का?
(एक आई, सातारा)

उत्तर: ताई, हे खरे नाही, आणि तुम्ही हे विचारले ते फार बरे केले.

डोक्याला न बसलेला प्रत्येक ठोसा हा निव्वळ फायदाच आहे, त्यामुळे चुकवायला शिकण्याने धोका कमी होतो यात शंका नाही. पण तो संपत नाही. वारंवार डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरांच्या मेंदूत कायमचे बिघाड होतात, हे अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते, आणि त्यानंतरच्या संशोधनाने त्याला दुजोराच दिला आहे. हूक किंवा अपरकटने डोके झटकन वळते तेव्हा कवटीच्या आत मेंदूला पीळ बसतो. हेडगार्डमुळे भुवई फाटणे, कान सुजणे, कापले जाणे हे कमी होते, परंतु डोके गर्रकन फिरणे त्याने थांबत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ गटातून हेडगार्ड २०१३ पासून काढण्यात आले आणि रिओ २०१६ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. महिलांच्या लढती पॅरिस २०२४ मध्येही हेडगार्ड घालूनच झाल्या. घालणे चांगलेच, पण ते डोळ्यांच्या कडेने येणारा ठोसा दिसण्यात थोडी अडचण करते आणि घालणाऱ्याला निर्धास्त बनवते, हेही लक्षात असू द्यावे.

पोर्तो रिकोचा विल्फ्रेड बेनितेझ १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या १७व्या वर्षी जगज्जेता झाला. ठोसा येण्याआधीच त्याला कळतो म्हणून त्याला ‘रडार’ म्हणत. त्याच्यासारखे चुकवणारे बॉक्सर इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. तोच बेनितेझ पुढे मेंदूच्या विकाराने इतका परावलंबी झाला की त्याच्या घरच्यांना त्याची सर्व शुश्रूषा करावी लागली. तो गरजेपेक्षा फार वर्षे लढत राहिला, आणि वय वाढले की चुकवण्याची कला सर्वांत आधी सोडून जाते. पाय मंदावतात, नजर तीच राहते, आणि आधी केसाच्या अंतराने जाणारे ठोसे लागू लागतात.

लढतींइतकाच, किंबहुना त्याहून अधिक मार रोजच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतींत, बसतो, आणि तिथे पंच नसतो. म्हणून प्रशिक्षकांना भेटून पुढील गोष्टी स्पष्टपणे विचारा: आठवड्यातून किती वेळा पूर्ण ताकदीचे स्पारिंग होते, मुलीसमोर तिच्या वजनाचीच आणि अनुभवाचीच जोडीदार असते का, आणि डोक्याला मार लागल्यावर तिला त्या दिवशी बाहेर बसवले जाते का. चुकवण्याचा सराव हळू वेगाने, उघड्या तळव्याने स्पर्श करत उत्तम होतो. त्यासाठी मुलीने मार खाण्याची काहीच आवश्यकता नसते. ‘ठोसे खाल्ल्याशिवाय चुकवायला शिकता येत नाही’ असे कोणी सांगितले तर मी त्या ठिकाणाहून मुलीला काढून घेईन. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणे, विसराळूपणा किंवा चिडचिड यांपैकी काही मार लागल्यानंतर दिसले तर सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्यांनी परवानगी दिल्याखेरीज तिला पुन्हा रिंगमध्ये उतरू देऊ नये. ती खोलवर आवडीने खेळत असेल तर तिला खेळू द्या, पण या अटींवर.

प्रश्न: मी सध्या अशा गावी राहतो जिथे बॉक्सिंगचा आखाडा नाही. चुकवण्याचा सराव एकट्याने, घरच्या घरी कसा करावा?
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: दोन खांबांना किंवा खिडकीच्या गजांना खांद्याच्या उंचीवर एक दोरी आडवी, ताणून बांधा. आपल्या नेहमीच्या पवित्र्यात, मुठी गालांपाशी ठेवून, दोरीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गुडघ्यांतून बसत, डोके दोरीखालून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे काढत पुढे सरका. हे हूक चुकवण्याचे वळण आहे. प्रत्येक वेळी वर येताना वजन ज्या पायावर असेल त्या बाजूचा एक ठोसा हवेत मारा. डोके दोरीला लागले तरी चालेल, पण नजर खाली गेली तर थांबून पुन्हा सुरुवात करा. मांड्या भरून येतील. पाठ दुखू लागली तर तुम्ही कमरेतून वाकत आहात असे समजावे.

सरळ ठोसे चुकवण्यासाठी मुठीएवढी पिशवी वाळू किंवा धान्य भरून छतापासून नाकाच्या उंचीवर टांगा आणि तिला झोका द्या. पूर्वीच्या आखाड्यांत अशा पिशवीत मक्याचे दाणे भरत. ती आपल्याकडे आली की डोके तिच्या बाजूने जेमतेम सुटेल एवढेच हलवा. काही वेळात तिच्या झोक्याची लय पाठ होते आणि सराव निरुपयोगी होऊ लागतो, म्हणून तिला मधूनच हाताने धक्का देऊन लय मोडा, एक पाऊल आत जा, बाहेर या, आणि एकाच बाजूला सलग दोनदा चुकवण्याचाही सराव ठेवा, कारण समोरचा बॉक्सर तुम्ही बाजू बदलाल असेच गृहीत धरतो. डमाटो यांच्या आखाड्यात गाद्या गुंडाळून केलेल्या बाहुल्यावर डोके, जबडा, यकृत अशा जागांना आकडे रंगवलेले असत आणि त्या आकड्यांची मालिका ऐकून बॉक्सर ठोसे मारत. तुम्ही मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात असे आकडे ध्वनिमुद्रित करून, त्यात काही आकडे चुकवण्याचे आणि काही मारण्याचे ठरवून, क्रम आधी ठाऊक नसेल अशा रीतीने वाजवू शकता. एकट्याने सराव करताना ज्या अनपेक्षितपणाची उणीव भासते, ती यामुळे थोडी भरून निघते.

घरातले कोणी मदतीला असेल तर त्यांच्या हातात चप्पल किंवा उशी द्या आणि अगदी संथपणे, तुमच्या नाकाच्या रोखाने, सरळ पुढे आणायला सांगा. वेग वाढवण्याची घाई करू नका. त्यांचा खांदा हलताना दिसतो का, हे पाहणे हा या सरावाचा उद्देश आहे. मानेचे व्यायाम हळूहळू वाढवा: तळहाताचा दाब कपाळावर, मागे आणि दोन्ही बाजूंना देऊन मान स्थिर राखणे एवढे सुरुवातीला पुरे. तीन मिनिटे सराव, एक मिनिट विश्रांती असे राउंड ठेवा. मोबाईल बाजूला उभा करून आपले चित्रीकरण करा, आणि पाहताना डोक्याकडे न पाहता पायांकडे पाहा: चुकवल्यानंतर दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीवर आहेत का, मागची टाच वळली आहे का, आणि त्याच क्षणी एक पाऊल कोणत्याही दिशेला टाकता आले असते का. तिन्हींना होकार मिळू लागला की मग सुट्टीच्या काळात जवळच्या शहरातील आखाड्यात जाऊन जोडीदारासोबत हलके स्पारिंग करावे, त्याआधी नको.